तीस हजार माणसांची जागा

१९८३ च्या सप्टेंबरात ब्युनॉस आयर्समधले तीन चित्रकार एक लेखी प्रस्ताव घेऊन बेपत्ता केल्या गेलेल्या मुलांच्या आयांना भेटायला गेले. रोदोल्फो अगेरेबेरी, हुलिओ फ्लोरेस आणि गियेर्मो केक्सेल. तिघांचा स्टुडिओ एकच होता आणि वर्षभर तिघांच्या डोक्यात घोळत असलेली कल्पनाही एकच होती. खऱ्या माणसाच्या उंचीच्या ३०,००० आकृत्या कागदावर काढायच्या आणि शहराच्या मुख्य चौकात, जागा मिळेल त्या भिंतीवर चिकटवायच्या. एवढं काम आपल्या तिघांच्या आवाक्यातलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आयांनी हाक दिली तर लोक येतील आणि लोक आले तर हात मिळतील, म्हणून ते आयांकडे आले होते.

३०,००० हा आकडा मानवी हक्क संघटनांचा होता. अर्जेंटिनातल्या सात वर्षांच्या लष्करी राजवटीत नाहीशा झालेल्या माणसांचा. आकडा वारंवार उच्चारला की बोथट होतो, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. या तिघांना तो जागेत मोजायचा होता. ही माणसं आज आपल्यात असती तर त्यांनी किती जागा व्यापली असती? माणशी अर्धा मीटर धरा, सगळ्यांना खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभं करा, तर ती ओळ १५ किलोमीटर लांब होते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रुळांच्या कडेने ही रांग लावली तर शेवटचा माणूस कुर्ल्याच्या आसपास उभा असेल.

कल्पनेचं बीज पोलंडमधून आलं होतं. येझी स्कोम्प्स्की या पोलिश चित्रकाराचं एक भित्तिपत्रक युनेस्कोच्या ‘कुरिअर’ मासिकात १९७८ मध्ये छापून आलं होतं. त्यात २४ ओळींमध्ये इवल्या इवल्या २,३७० मनुष्याकृती होत्या. आउशवित्झच्या छळछावणीत रोज सरासरी जितकी माणसं मारली गेली असं त्या काळी मानलं जाई, तितक्या. हे पान या तिघांच्या हाती पडलं आणि त्यांना आपल्या देशाचा हिशेब दिसला. आधी त्यांनी हे काम १९८२ मधल्या एका कलास्पर्धेसाठी योजलं होतं. तिथे ते झालं असतं तर दालनातल्या गर्दीने ते पाहिलं असतं, समीक्षकांनी दोन परिच्छेद लिहिले असते आणि गोष्ट संपली असती. ते स्पर्धेतून निसटून चौकात आलं, ही मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत भाग्याची घटना वाटते.

आता त्या सात वर्षांबद्दल. २४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली. जनरल व्हिदेला, अॅडमिरल मासेरा आणि ब्रिगेडियर आगोस्ती हे तीन दलांचे प्रमुख सत्तेवर बसले. आपल्याकडे तेव्हा आणीबाणी चालू होती. आपल्या तुरुंगांत डांबलेल्यांच्या घरच्यांना निदान माणूस कोणत्या तुरुंगात आहे ते बहुतेक वेळा कळत होतं. अर्जेंटिनात तेही नव्हतं. रात्री नंबरप्लेट नसलेली फोर्ड फाल्कन गाडी दाराशी थांबे, साध्या कपड्यांतली माणसं घरात शिरत, डोळ्यांवर पट्टी बांधून माणूस नेत. सकाळी पोलिस ठाण्यात गेलं तर उत्तर मिळे, की असा कोणी आमच्याकडे नाही. कोर्टात अर्ज केला तर तो ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून फेटाळला जाई. कामगार पुढारी, विद्यार्थी, शिक्षक, वकील, पत्रकार, झोपडवस्तीत काम करणाऱ्या नन, आणि यांच्यापैकी कोणाच्या तरी वहीत ज्यांचा पत्ता सापडला अशी माणसं. देशभर छळाची शेकडो गुप्त ठिकाणं होती. त्यांतलं सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे राजधानीतलं नौदलाचं तंत्रविद्यालय, ‘एस्मा’. तिथल्या बंद्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन विमानातून ला प्लाता नदीच्या मुखात आणि समुद्रात फेकून दिलं जाई. १९९५ मध्ये आदोल्फो सिलिंगो या माजी नौदल अधिकाऱ्याने हे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं.

१९७८ चा फुटबॉल विश्वचषक आपल्याकडच्या जुन्या रसिकांना आठवत असेल, मारिओ केम्पेसचे अंतिम सामन्यातले दोन गोल, मैदानावर पडलेला कागदाच्या तुकड्यांचा पाऊस. तो सामना ज्या स्टेडियममध्ये झाला त्याच्यापासून एस्मा चालत जाण्याच्या अंतरावर होती. आतल्या बंद्यांना प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू येत होता.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, एका पत्रकार परिषदेत व्हिदेलांना बेपत्ता माणसांबद्दल विचारलं गेलं. त्यांचं उत्तर आजही अर्जेंटिनात शाळकरी पोराला माहीत असतं. बेपत्ता म्हणजे ज्याला अस्तित्व नाही, तो मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही, तो बेपत्ता आहे, अशा आशयाचं ते बोलणं होतं. बोलताना ते हातांनी हवेत काहीतरी पुसल्यासारखे हातवारे करत होते. राज्यकर्त्याने इतक्या उघडपणे सांगितलं होतं, की या माणसांचा देह आम्ही नाहीसा केलाच, आता त्यांची मोजदादही होणार नाही. मग त्याला प्रत्युत्तर द्यायचं तर ते देहाच्याच भाषेत द्यायला हवं होतं.

ते प्रत्युत्तर आयांनी आधीच सुरू केलं होतं. ३० एप्रिल १९७७, शनिवार. प्लाझा दे मायो या चौकात चौदा बायका जमल्या. चौकाच्या एका टोकाला राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी वाडा, समोर वसाहतकाळातली काबिल्दो ही नगरसभेची इमारत, बाजूला कॅथेड्रल, बँक, मंत्रालयं. देशाची सगळी सत्ता तिथे चारी बाजूंनी पाहत असते. जमलेल्या बायकांत पुढाकार होता असुसेना व्हियाफ्लोर या गृहिणीचा. तिचा मुलगा आणि सून नेले गेले होते. सरकारी कचेऱ्यांत, चर्चच्या दारांत खेटे घालताना या बायकांची ओळख झाली होती. एकेकटीने दारं ठोठावून काही होणार नाही, सगळ्या मिळून चौकात जाऊ, असं तिने म्हटलं. तीन किंवा त्याहून जास्त माणसांनी जमायला बंदी होती. पोलिस आले आणि म्हणाले, इथे थांबायचं नाही, चालत राहा. मग त्या चालू लागल्या, दोघी दोघी, हातात हात घालून, चौकाच्या मधल्या छोट्या स्तंभाभोवती. पुढे वार ठरला गुरुवार आणि वेळ दुपारी साडेतीन. पोलिसांनी हाकलण्यासाठी दिलेला हुकूम त्यांनी आपल्या आंदोलनाचं रूप करून टाकलं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लुहानच्या यात्रेला लाखो लोक जाणार होते. गर्दीत एकमेकींना ओळखायचं कसं? कोणीतरी सुचवलं, की बाळाचा जपून ठेवलेला कापडी लंगोट डोक्याला बांधू, तो प्रत्येकीच्या घरात असतोच. पुढे जगभर ओळखला गेलेला पांढरा रुमाल तो हा. डिसेंबरात त्यांच्यात घुसलेल्या आल्फ्रेदो आस्तिस या नौदल अधिकाऱ्याने माणसं दाखवून दिली. बेपत्ता भावाला शोधणारा तरुण म्हणून तो त्यांच्यात वावरला होता. एस्तेर बायेस्त्रिनो, मारिया पोन्से, दोन फ्रेंच नन, इतर साथीदार, आणि १० डिसेंबरला स्वतः असुसेना, सगळ्यांना उचललं गेलं. त्यानंतरच्या गुरुवारीही उरलेल्या आया चौकात आल्या.

म्हणून १९८३ मध्ये तीन चित्रकार या बायकांपुढे बसले तेव्हा ते काही नवख्या आंदोलकांना कला शिकवायला आले नव्हते. समोर बसलेल्या बायकांना रस्ता कसा वापरायचा, वस्तूला अर्थ कसा द्यायचा, हे त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. पुढे काय घडलं ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

दिवसही विलक्षण होते. १९८२ मध्ये माल्व्हिनास म्हणजे फॉकलंड बेटांच्या युद्धात ब्रिटनकडून हार झाली आणि लष्कराचा दबदबा कोसळला. ३० ऑक्टोबर १९८३ ला निवडणूक ठरली. जाण्यापूर्वी सेनापतींना मागची सगळी दारं बंद करायची होती. २८ एप्रिलला त्यांनी एक ‘अंतिम दस्तऐवज’ जाहीर केला. त्यात म्हटलं होतं, की जे परदेशात किंवा भूमिगत नाहीत ते सर्व बेपत्ता लोक कायद्याच्या आणि प्रशासनाच्या दृष्टीने मृत समजावेत. कुठे, कधी, कोणाच्या हातून, एक अक्षर नाही. सप्टेंबरात त्यांनी स्वतःलाच माफी देणारा कायदा काढला. आणीबाणी अजून उठलेली नव्हती.

आयांनी प्रस्ताव ऐकला. त्यांना तो आवडला, पण त्यांनी तो होता तसा घेतला नाही.

त्यांची घोषणा होती, ‘त्यांना जिवंत हजर करा’. बाहेरच्यांना ती अनेकदा भाबडी वाटली. सात वर्षं झाली, मुलं जिवंत नसणार हे आयांना कळत नव्हतं का? कळत होतं. पण ज्याने नेलं त्याने सांगावं काय केलं ते. तो बोलायच्या आत आपणच ‘गेली’ म्हणून मान्य केलं तर सेनापतींच्या त्या कागदावर आपणच सही केल्यासारखं होईल. म्हणून आयांची पहिली अट अशी, की या आकृत्या मेलेल्या माणसांच्या दिसता कामा नयेत. जमिनीवर आडवी पडलेली मनुष्याकृती म्हणजे खून झालेल्या जागी पोलिसांनी खडूने आखलेली रेघ. तशी एकही नको. सगळ्या उभ्या लावायच्या, भिंतीला, झाडाला, खांबाला. दुसरी अट, कोणाचंही नाव घालायचं नाही. नावं यादीतल्याच लोकांची घातली जातील आणि यादी अजून कुठे पूर्ण होती? शिवाय कोणाचं मूल मोठं आणि कोणाचं लहान असं काही राहू नये, सगळी मुलं सगळ्यांची, ही त्यांची धारणा होती.

आकृत्या आडव्या न ठेवता उभ्याच लावण्याचा हा निर्णय मला त्या सबंध कलाकृतीतला सर्वांत मोठा कलात्मक निर्णय वाटतो. तो ज्यांनी घेतला त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात ब्रश धरलेला नव्हता. आडवी आकृती पाहणाऱ्याच्या मनात दुःख जागवते आणि दुःख करून माणूस घरी जातो. उभी आकृती समोर येऊन तुमच्याकडे पाहते. तिला चेहरा नसतो, म्हणून ती कोणाचीही असू शकते, आणि तिचा रोख चुकवता येत नाही.

आयांनी २१ आणि २२ सप्टेंबरला ‘प्रतिकार मोर्चा’ ठेवला होता. सलग चोवीस तास चौकात फिरायचं, असा तो मोर्चा, आणि हे त्याचं तिसरं वर्ष. दक्षिण गोलार्धात २१ सप्टेंबरला वसंत सुरू होतो. अर्जेंटिनात तो विद्यार्थी दिनही असतो, त्या दिवशी तरुण पोरं बागांमध्ये सहलीला जातात. नाहीशा झालेल्यांमध्ये त्या वयाची मुलं किती होती हे चौकातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

बुधवारी दुपारी चित्रकार आणि त्यांना मदत करणारे विद्यार्थी सामान घेऊन आले. कागदाच्या गुंडाळ्या, रंगाचे डबे, ब्रश, रोलर, स्प्रे, खळ. आधीच तयार केलेल्या सुमारे १,५०० आकृत्याही त्यांच्यापाशी होत्या. शिवाय पुठ्ठ्याचे कापीव साचे आणले होते, सगळ्या आकृत्या एकसारख्या याव्यात म्हणून. कागद फरशीवर पसरला, एकाने साचा ठेवला, दुसऱ्याने कडेने रंग फिरवला. माणसं भोवती जमली. काहींनी पाहिलं आणि ब्रश मागितला. थोड्या वेळात साचे पुरेनात. मग एक जण कागदावर आडवा झाला आणि म्हणाला, माझ्याभोवती रेघ मारा.

तिथून ते काम चित्रकारांचं राहिलं नाही. चौकभर माणसं कागदांवर झोपू लागली. म्हातारे, तरुण, कचेरीतून सुटून आलेले कारकून, शाळेच्या कपड्यांतल्या मुली. एकाने पडायचं, हात अंगापासून थोडे दूर ठेवायचे, दुसऱ्याने पेन्सिलीने किंवा ब्रशने कडा ओढायची, मग पडलेल्याने उठायचं. कागदावर त्याच्या मापाची एक रिकामी जागा राहायची. मग तिघाचौघांनी ती उचलायची, मागून खळ लावायची आणि नेऊन उभी करायची. जो कागदावर पडत होता त्याने काही क्षण आपला देह दुसऱ्याला उसना दिलेला असे. एकेकाळी ज्यांचे मुलगे, मुली, शेजारी असेच आडवे पाडून नेले गेले, त्यांच्यासाठी आपण आडवं व्हायचं आणि आपल्याऐवजी त्यांना उभं करायचं. हे कोणी कोणाला समजावून सांगितलं नव्हतं. कृतीतून ते आपोआप कळत होतं.

लहान मुलांच्या आकृत्या मुलांनाच झोपवून काढल्या गेल्या. तान्ही बाळं हातानेच रेखाटली. पकडलेल्या बायकांत गरोदर होत्या, त्यांची बाळंतपणं छळछावणीत झाली आणि मुलं लष्करी अधिकाऱ्यांच्या आणि त्यांच्या ओळखीच्या घरांत वाटली गेली. त्यांच्या आज्यांची वेगळी संघटना होती. अशी सुमारे ५०० मुलं असावीत असं या आज्यांचं म्हणणं, त्यांतली सुमारे १४० आजवर सापडली आहेत. म्हणून गरोदर बायकांच्याही आकृत्या हव्या होत्या. पोटावर उशी धरून कोणीतरी कुशीवर झोपलं आणि ती कडा ओढली गेली. भिंतीवरच्या एका रेघेत तिथे दोन माणसं मोजावी लागत होती.

अर्ध्या तासात आम्ही निघून गेलो असतो तरी काही अडलं नसतं, असं या चित्रकारांनी पुढे सांगितलं. त्यांच्या बोलण्यात खंत नव्हती, उलट त्यांनी ते यश मानलं. ज्या कलाकृतीत कलाकाराची गरज लवकरात लवकर संपते ती त्यांना हवी होती.

पण लोकांनी आयांची दुसरी अट पाळली नाही. एक मुलगा आला आणि म्हणाला, माझ्या बाबांची काढून द्याल? चित्रकाराने विचारलं, कसे आहेत तुझे बाबा? आता या मुलाला कोण सांगणार, की इथे नावं नाहीत, सगळे सारखे आहेत? रात्र पडू लागली तसे लोक आकृत्यांवर नावं लिहू लागले, आणि नावाखाली नेलं त्या दिवसाची तारीख. काहींनी चेहऱ्याचे बारकावे भरले. एकसारख्या, अनाम आकृत्यांच्या भिंतींवर हळूहळू ओळखीची माणसं उभी राहू लागली.

इथे दोन्ही बाजूंत सत्य होतं आणि ते दोन्ही भिंतीवर मावलं. आयांचं म्हणणं राजकीय होतं. नावं वेगळी काढली की प्रत्येक घराचं दुःख वेगळं होतं आणि वेगळ्या दुःखांशी सरकारला एकेक करून तडजोड करता येते, कोणाला भरपाई, कोणाला दाखला. नाव लिहिणाऱ्या हातालाही आपलं कारण होतं. राजवटीने नाव पुसलं, मी ते इथे, तुझ्या वाड्यासमोर, लिहितो. ज्या कामात माणसं खरोखर सामील होतात त्यात असा वाद येतोच. नुसतं बोलावून ठरलेलं काम करून घेतलं असतं तर वादही झाला नसता आणि ती सगळी नावंही भिंतीवर आली नसती.

रात्री काबिल्दोचे खांब भरले, कॅथेड्रलच्या भिंती भरल्या, झाडं, दिव्यांचे खांब, शेजारच्या रस्त्यांवरच्या इमारती. आकृत्या चौकातून बाहेर पडून शहरात शिरू लागल्या. पोलिस हजर होते, ओळीने उभे. त्यांच्या मागच्या भिंतीवर त्यांच्याच उंचीची, चेहरा नसलेली रांग होती. एदुआर्दो हिल या छायाचित्रकाराने तिथे काढलेल्या फोटोत गणवेशातले पोलिस आणि मागे उभ्या आकृत्या एकाच चौकटीत आहेत. पोलिसांच्या चेहऱ्यावर मला क्रौर्य दिसत नाही, अस्वस्थता दिसते. पाठीमागे इतकी माणसं उभी असताना पुढे पाहत राहणं सोपं नसणार.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, चोवीस तास संपल्यावर लोक घरी गेले. आकृत्या राहिल्या. प्रस्तावातही हाच मुद्दा होता: जमाव पांगल्यावरही काहीतरी पाहत राहिलं पाहिजे, आणि तयारीच्या निमित्ताने लोक आधीपासून एकत्र आले पाहिजेत. सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला बँकेच्या पायरीशी कोणीतरी उभं असल्याचा भास होई, जवळ गेल्यावर कळे की कागद आहे, आणि त्यावर कदाचित एक नाव. अर्जेंटिनात या घटनेला ‘सिलुएतासो’ म्हणू लागले. वर्तमानपत्रांत तेव्हा तिच्याबद्दल फारसं आलं नाही. त्या डिसेंबरात, नवं सरकार येण्याच्या वेळी, आणि १९८४ च्या मार्चमध्ये ओबेलिस्क या स्तंभाजवळ पुन्हा आकृत्या उभ्या राहिल्या. मग लोकांनी ही रीत उचलली आणि ती देशभर गेली. १९८५ मध्ये आयांनी दुसरी एक हाक दिली: कागदावर आपल्या पंजाची कडा काढा आणि पाठवा. देशोदेशींहून असे हात आले, दोऱ्यांवर लटकले आणि राजधानीतल्या रस्त्यांवर लहरले.

अर्जेंटिनातल्या चित्रकारांनी दालन सोडून लोकांत जाण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हता. तुकुमान प्रांतातले साखर कारखाने बंद पडून लोक उपाशी मरू लागले, तेव्हा १९६८ मध्ये रोसारिओ आणि ब्युनॉस आयर्सच्या कलाकारांनी तिथे जाऊन माहिती, फोटो, मुलाखती गोळा केल्या आणि रोसारिओत कामगार संघटनेच्या इमारतीत ‘तुकुमान आर्दे’ हे प्रदर्शन भरवलं. ब्युनॉस आयर्समध्ये ते दबावाखाली लगेच बंद पडलं. ते धाडसी काम होतं आणि त्याबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. तरीही तिथे दाखवणारे आणि पाहणारे वेगळे होते. शेजारच्या चिलीत पिनोशेच्या राजवटीत सान्तियागोच्या गरीब वस्त्यांतल्या बायका चर्चच्या आश्रयाने जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून आपल्या घरची चित्रं शिवत, त्यांत नेलेला नवरा असे, रिकामी खुर्ची असे. तिथे शिवणारी बाई हीच कलाकार होती. चौकातल्या आकृत्यांमध्ये तिसरीच गोष्ट घडली. कलाकार, साहित्य आणि प्रेक्षक अशी वाटणीच राहिली नाही. जो पाहायला आला त्याचंच शरीर चित्राचं माप झालं.

तिघांपैकी कोणीही या कामावर आपली सही केली नाही. पुढे जगभरच्या संग्रहालयांनी या घटनेचे फोटो मागितले, पुस्तकं निघाली, प्रदर्शनं झाली. मूळ कागद बहुतेक पावसात आणि भिंती साफ करणाऱ्यांच्या बादल्यांत गेले. फोटो भिंतीवर सन्मानाने टांगले जाणं मला खटकत नाही. नव्या पिढीला ते पाहायला मिळायलाच हवेत. मात्र त्यांच्याखाली ‘कलाकार’ म्हणून तीनच नावं छापली गेली तर ते चूक आहे. त्या रात्री कागदावर पडलेल्या प्रत्येकाचं ते काम आहे.

राऊल आल्फोन्सिन १० डिसेंबर १९८३ ला राष्ट्राध्यक्ष झाले आणि सेनापतींचा स्वतःला माफ करणारा कायदा काही दिवसांतच रद्द झाला. लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८४ मध्ये जवळपास ९,००० बेपत्तांची प्रकरणं नोंदवली. नोंद करायला न आलेली घरं वेगळी. १९८५ च्या डिसेंबरात व्हिदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. लष्कराच्या दबावाखाली १९८६ आणि १९८७ मध्ये पुढचे खटले थांबवणारे कायदे आले आणि राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी शिक्षा झालेल्यांनाही माफी दिली. नेलेल्यांची मुलं तोवर मोठी झाली होती. त्यांनी १९९५ मध्ये आपली संघटना काढली आणि चित्रकारांच्या नव्या गटांना हाताशी धरून ती मोकळ्या सुटलेल्या छळकांच्या घरांपुढे जमू लागली. रस्त्यावरच्या वाहतुकीच्या पाट्यांसारख्या पाट्या बनवून त्यांवर लिहिलं जाई, की पुढे इतक्या मीटरवर खुनी राहतो. कोर्टाने दार बंद केलं तर शेजाऱ्यांना तरी कळू दे. २००३ मध्ये संसदेने ते कायदे रद्द केले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले आणि खटले पुन्हा उभे राहिले. त्याच वर्षी किनाऱ्याजवळच्या एका दफनभूमीत अनाम म्हणून पुरलेल्या हाडांमधून असुसेना व्हियाफ्लोरची ओळख पटली. तिची रक्षा प्लाझा दे मायोत, जिथे ती चालायची तिथेच, पुरली आहे.

पुन्हा उभ्या राहिलेल्या पहिल्या खटल्यांपैकी एक ला प्लाता शहरात मिगेल एचेकोलात्स या पोलिस अधिकाऱ्यावर चालला. त्यात होर्हे हुलिओ लोपेस या सत्तरी उलटलेल्या गवंड्याने साक्ष दिली. १९७६ मध्ये त्याला पकडलं होतं, छळलं होतं, आणि आपल्यासोबतच्यांना कसं मारलं हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तीस वर्षांनी त्याने ते न्यायाधीशांपुढे सांगितलं. १८ सप्टेंबर २००६ रोजी, निकालाच्या आदल्या दिवशी, लोपेस घरातून नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी एचेकोलात्सला जन्मठेप झाली. काही दिवसांत शहराच्या भिंतींवर साच्याने उमटवलेला लोपेसचा टोपी घातलेला चेहरा दिसू लागला, कोणीही कापलेला, कोणीही रंगवलेला, आणि चौकात लोकशाहीच्या काळात ती घोषणा परत ऐकू आली: त्याला जिवंत हजर करा. लोपेस अजून सापडलेला नाही, आणि ला प्लातात त्याचा चेहरा अजून रंगवला जातो.